आज गुरुवार कोणाचा?

माझ्या वडिलांना कुठल्याच कंपनीनं कधी कामावरून काढलं नाही. त्यांना ब्रेक मिळायचा. ठेकेदाराकडच्या माणसाला सात महिने झाले की त्याचा गेटपास काढून घ्यायचा, महिना-दीड महिना घरी बसवायचं आणि मग नव्या कार्डावर नव्यानं घ्यायचं, म्हणजे तो कधी कायम होत नाही. लातूरकडून चिखलीत आलेलं आमचं तिघांचं घर या ब्रेकच्या हिशोबानं चालायचं. एका वर्कशॉपच्या मागं पत्र्याची खोली होती. आई शेजारच्या भंगाराच्या गोदामात काठीला बांधलेलं चुंबक फिरवून लोखंडाचा बुरा वेगळा करायची आणि उरलेल्यातून पितळ बोटांनी निवडायची. बोटांत बारीक कुसळं रुतलेली असायची. ब्रेकच्या महिन्यात वडील दुपारी दारात बसून चिमट्यानं ती काढत राहायचे, कारण दुसरं काम नसायचं. त्या महिन्यात भाजी नसायची. भाकरी, तिखट आणि पाणी.

त्या खोलीतून मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मला याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही.

पहिली मोठी नोकरी लागली ती टांझानियात, रस्त्याच्या कामावर. लाल मातीचं उघडं रान, आणि त्यात आमचं खोदाईचं मशीन अकरा दिवस उभं राहिलं. कारण काय, तर तेलाच्या दाबावर चालणारा हातभर लांबीचा एक पाइप फुटला होता आणि नवा पाइप समुद्रापलीकडून यायचा होता. मी रोज त्या मशीनकडं बघायचे आणि मला चिखली आठवायची. चिखलीत हे काम चहा गार व्हायच्या आत होतं. पुढं मी चिखलीहून पाइप मागवायला लागले, आधी आमच्या साइटसाठी, मग दुसऱ्यांसाठी. नोकरी सोडून दार-ए-सलाममध्ये दुकान टाकलं. मग डोक्यात आलं, गावोगावी अशी दुकानं निघावीत. नाव आणि पद्धत आमची, चालवणारी माणसं तिथली. म्हणजे फ्रँचायझी.

पहिलं दुकान घ्यायला तयार झाली ती रेहेमा. डोडोमा शहरात तिचे ट्रक आहेत, टायरचं दुकान आहे. वय पन्नाशीचं. आणखी दोघं-तिघं तिच्याकडं बघून थांबले होते: ती घेईल तर आम्ही घेऊ. तिनं सही केली नसती, तर मी एका दुकानाची मालकीण म्हणून म्हातारी झाले असते. आणि ती सही करेना.

"कागद नंतर," ती म्हणाली. "तू हे जिथं शिकलीस ते गाव आधी दाखव."

म्हणून मी तिला आमच्याकडं घेऊन आले. विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. ढगांच्या वर सगळे देश सारखेच दिसतात.

मंगळवार, चिखली

परदेशात मला स्वप्नं पडतात ती सगळी चिखलीत घडतात. त्यामुळं खरी चिखली दिसली तेव्हा जागं झाल्यासारखं वाटलं नाही. सकाळचं ऊन वर्कशॉपांच्या पत्र्यांवरून खाली ओघळत होतं. लेथच्या थंडाव्याच्या तेलाचा गोडसर वास, वाटेवर चमकणारा धातूचा बुरा, आणि या सगळ्याच्या पाठीमागं नव्या सोसायट्यांचे उंच मनोरे, अर्धे धुक्यात, जणू कुणी तिथं टेकवून ठेवलेत आणि संध्याकाळी परत घेऊन जाणार आहे.

रेहेमा गाडीतून उतरली आणि पाट्या वाचायला लागली. वाचता येत नव्हत्या, म्हणून मला विचारत होती. दुकान म्हटलं की ती हसायची, कारण त्यांच्याकडं दुकानाला 'डुका' म्हणतात आणि गाडीला 'गारी'. कारागिराला मात्र त्यांचा वेगळा शब्द आहे, फुंडी. "इथं तर सगळेच फुंडी आहेत," ती म्हणाली.

आम्ही गेलो रफिकचाचांकडं. चाचा मूळचे बीडचे, तीस वर्षं चिखलीत पाइपाचं दुकान. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडं काम शिकले आणि आज माझ्या दुकानाला माल तेच पाठवतात.

"काय इंजिनिअरबाई, आफ्रिकेत चहा मिळत नाही का? वाळलीस."

"मिळतो चाचा. साखर कमी असते."

"मग बरोबर. म्हणूनच वाळलीस."

एक क्रेनवाला फुटका पाइप घेऊन आला. चाचांनी तो नुसता हातात धरून मापला, भिंतीवरच्या वेटोळ्यातून तेवढाच तुकडा कापला, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या चढवल्या आणि त्या चहूबाजूंनी आवळणाऱ्या मशीनमध्ये एकेक टोक दाबून काढलं. शेवटी एक पंच, म्हणजे टोकावर खूण कोरलेली पोलादी कांडी, घेऊन टोपीवर हातोडीचा एक ठोका. तीन टिंबं उठली. ती चाचांच्या दुकानाची खूण. रेहेमानं घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती. चाचांनी मग तिला मशीनचं पायातलं पेडल दाबायला दिलं, तिनं एक टोपी आवळली आणि लहान मुलीसारखी मान वाकडी करून ती बघत बसली. मला वाटलं, झालं काम.

बाहेर चहाच्या टपरीवर ती म्हणाली, "हात या माणसाचा आहे. तो इथंच राहणार. मशीन मी कुठूनही मागवीन, पाइपही. मग मी तुझ्याकडून नेमकं घेणार काय? पाटी?"

"करारात सगळं लिहिलंय, मामा." तिकडं आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. "तीन आठवडे शिकवणं, दहा मिनिटांत काम, पाटीचा रंग..."

"चाळीस पानं आहेत. वाचली. घेणार काय ते सापडलं नाही."

चाचा आत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते, नाहीतर पुढचं मी बोललेलं ऐकून त्यांनी मला तिथंच थांबवलं असतं. मी म्हणाले, "परवा सापडेल. गुरुवारी तुम्हाला महाळुंगे-चाकणचा पट्टा पळताना दाखवते. हजारो माणसं, शेकडो मशीनं. शिफ्ट सुटताना गेटसमोर उभ्या राहा, मग सांगा."

बुधवार, मोशी

आईवडील आता मोशीला राहतात, आठव्या मजल्यावर. गॅलरीतून इंद्रायणी दिसते. त्या सकाळी नदीवर पांढरा फेस आला होता, हळूहळू सरकत होता. इतक्या उंचावरून तो ढगच वाटावा. रेहेमा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, किती सुंदर. तो कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याचा फेस आहे, हे मी तिला सांगितलं. तरी ती बघत राहिली. मीसुद्धा.

तिनं वडिलांना वाकून 'शिकामू' म्हटलं. त्यांच्याकडं धाकट्यानं थोरल्याला हे म्हणायचं आणि थोरल्यानं 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं. मी वडिलांना तो शब्द शिकवला होता, पण ऐन वेळी ते म्हणाले, "असू द्या, असू द्या." अर्थ तोच.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "हिला मामा का म्हणायलीस? बाई हाय की चांगली."

"तिकडं बाईलाच म्हणतात, आई."

"मग मामाला काय म्हणतात?"

"म्जोंबा."

आईनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवून बघितला आणि सोडून दिला. "लई उलटं हाय सगळं. बस म्हणावं जेवायला."

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीची पातळ भाजी. रेहेमानं भाकरीचा तुकडा मोडला, अंगठ्यानं त्याला खळगा पाडला आणि त्यात भाजी भरून उचलली. तिकडं मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली असाच खातात. आई तिच्या हाताकडं बघत होती. "हिला शिकवायची गरज न्हाई," ती म्हणाली आणि न विचारता दुसरी भाकरी वाढली. आमच्याकडं न विचारता वाढणं हाच मान, त्यांच्याकडं ताटात थोडं शिल्लक ठेवणं ही रीत. त्यामुळं रेहेमा शिल्लक ठेवत गेली आणि आई वाढत गेली, आणि चौथ्या भाकरीला मला मध्ये पडावं लागलं.

वडिलांनी विचारलं, "उद्या कुठं?"

"महाळुंगे, चाकण. सकाळी दहाला निघतो."

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "उद्या?"

"हो."

"मोठी सोय केलेली दिसतीय," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला पुढं विचारावंसं वाटलं नाही. वाटलं, पोरीचं कौतुक आहे.

गुरुवार, महाळुंगे

महाळुंग्याच्या फाट्यावर गाडी वळली आणि मला आधी कान बधिर झाल्यासारखं वाटलं. रस्ता मोकळा. कंपनीच्या बस एका ओळीत उभ्या, दारं बंद, काचांवर धूळ. मोठमोठ्या गेटांना साखळ्या. रस्त्याच्या मधोमध तीन कुत्री उन्हात पाय पसरून झोपलेली, आणि ज्या दुभाजकावर धुरानं पान काळं पडतं तिथं बगळे उतरलेले. चहाच्या टपऱ्यांची बाकडी उलटी करून ठेवली होती. एका वर्कशॉपच्या आत कुठंतरी नळ टपकत होता आणि तो आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

मी लहानपणापासून या पट्ट्याला कायम गडगडताना ऐकलं होतं. तो असा डोळे मिटून पडलेला बघताना मला पाय वाजवायचीही भीती वाटली. आणि मग कळलं.

या पट्ट्याला आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्यांनी रविवारीच बंद ठेवलं तर बाकीच्या दिवसांत वीज पुरायची नाही, म्हणून आमच्याकडं गुरुवार, असं वडीलच मला लहानपणी सांगायचे. माझ्या शाळेला रविवारी सुट्टी आणि वडिलांना गुरुवारी, त्यामुळं दोघांची गाठ पडायची नाही म्हणून मी रडलेही आहे. आणि परदेशातल्या रविवारांनी तो गुरुवार माझ्या डोक्यातून साफ पुसून टाकला होता.

मी वडिलांना फोन लावला. "बाबा, आज गुरुवार."

"व्हय."

"मग काल बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "मला वाटलं तुझ्यासाठी उघडायलेत. परदेशी पाहुणी येणार, तू एवढी शिकलेली. तुला कोण न्हाई म्हणतंय?"

फोन ठेवून मी रेहेमाला खरं ते सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "पोले." त्यांच्याकडं दुसऱ्याचं काही बिघडलं की हे म्हणतात; आपली चूक असो नसो, तुझं दुःख मला दिसलं, एवढाच त्याचा अर्थ. मग म्हणाली, "आलोच आहोत तर चालू या."

आम्ही चालत राहिलो. बंद शटरांवरची अक्षरं मी तिला वाचून दाखवत होते, आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. मनात एकच: ही शनिवारी जाणार. हिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि दाखवायला एक झोपलेलं गाव.

वळणावर गटाराच्या कामाचा खड्डा लागला. रहदारी नसते म्हणून असली कामं गुरुवारीच काढतात. खड्ड्याच्या काठावर खोदाईचं मशीन मान टाकून उभं होतं, खाली तेलाचं डबकं, आणि ऑपरेटर फुटका पाइप खांद्यावर टाकून फोनवर बोलत होता.

"भावा, आज गुरुवार कोणाचा हाय?"

मी जागच्या जागी थांबले. हा प्रश्न मी चाचांच्या दुकानात किती वेळा ऐकला होता. चिखलीपासून चाकणपर्यंत पाइपाची सात दुकानं या रीतीत आहेत. सगळ्यांची सुट्टी गुरुवारी, पण दर गुरुवारी त्यांतलं एक उघडं असतं, आलटूनपालटून. ज्याची वेळ त्याचा तो गुरुवार. मला हे माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आप्पांचा हाय," ऑपरेटर फोन ठेवत म्हणाला. "लांब न्हाई, ताई. तुम्हाला पण तिकडंच जायचंय का?"

रेहेमाला मी काही समजावलं नाही. आम्ही त्याच्या मागून निघालो.

तुकारामआप्पा महाळुंग्याचेच, जुन्या घरातले. पुढं दुकान, मागं वांग्यांचे चार वाफे, आणि दोन्हीच्या मध्ये आप्पा स्टुलावर बसून ऊन खात होते. ऑपरेटरनं पाइप दिला. आप्पांनी आधी फुटका भाग बघितलाच नाही. टोपी अंगठ्यानं पुसली आणि डोळ्याजवळ धरली. तिच्यावर दोन आडव्या रेघा होत्या.

"चाकणच्या शिंद्याचा पाइप हाय ह्यो," ते म्हणाले. "तू शिंद्याचं गिऱ्हाईक."

"व्हय आप्पा."

पाइप कापला, टोप्या आवळल्या. मग आप्पांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्यात सात पंच होते, सात दुकानांचा एकेक जास्तीचा; ज्याचा गुरुवार त्याच्याकडं हा डबा येतो. आप्पांनी स्वतःचा बाजूला सारला, दोन रेघांचा निवडला, फुंकर मारून पुसला आणि एका ठोक्यात टोपीवर शिंद्याची खूण उठवली. ऑपरेटर पाइप घेऊन गेला.

रेहेमा पुढं झाली. तिनं डब्यातले पंच एकेक करून बघितले. "याला विचार," ती मला म्हणाली, "काम यानं केलं, मग नाव दुसऱ्याचं का?"

मी विचारलं. आप्पांना प्रश्नच कळेना. "काम आमी केलं म्हनून गिऱ्हाईक आमचं हुतंय व्हय? मजुरी आमाला भेटली. मानूस शिंद्याचा."

"आणि काम बिघडलं तर?"

"तर शिंद्याचं नाव जाईल." आप्पांनी पंच डब्यात परत ठेवला. "म्हनून तर दुसऱ्याची खून मारताना हात जास्त जपून चालतो."

"एखादा दुसऱ्याचं गिऱ्हाईक ठेवून घेत असेल की?"

"आठवा व्हता एक, त्यानं ठिवलं व्हतं. मग त्याच्या गुरुवारी आमी त्याला त्याचा पंच परत दिऊन आलो. आता त्याला सुट्टी न्हाई, सातच्या सात दिवस बसतोय दुकानात." आप्पा हसले. "मी सहा गुरुवार मोकळा आसतो, बाई. वांगी कोन बघनार?"

मी हे सगळं रेहेमाला सांगितलं. ती वाफ्याच्या बांधावर बसली. बोलली तेव्हा वांग्याच्या झाडांकडं बघत होती.

"टायरचं दुकान मी अकरा वर्षांत एक दिवस बंद ठेवलेलं नाही. बहिणीच्या लग्नातसुद्धा नाही. एक दिवस बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, आणि गेलेलं परत येत नाही. डोडोमात पाइपाचं काम करणारे चार फुंडी आहेत. चौघं एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या शहरात सगळे थकलेले आहेत, मनीषा." मग तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "हे तुझ्या चाळीस पानांत का नाही?"

"मला वाटलं हे सगळ्यांनाच माहीत असतं."

"एकतिसाव्या पानावरचं ते कलम मात्र आहे."

ते पान मला पाठ होतं. गिऱ्हाईक दुकानदाराचं नसून कंपनीचं, म्हणजे माझं. आणि मला वाटेल तेव्हा त्याच शहरात मी स्वतःचं दुकान काढू शकते. वकिलानं घातलेलं ते कलम मला मनातून आवडायचं.

"ते काढ," रेहेमा म्हणाली. "त्या जागी हा डबा घाल. मी त्या चौघांना घेऊन येते. तू आमच्या शहरात येणार असशील तर तूही एक पंच डब्यात ठेवून ये, सहावी म्हणून."

"करार असा एका दिवसात बदलत नाही, मामा."

"मग मी शनिवारी जाते."

आप्पांच्या बायकोनं चहा आणला. मी तो बशीत ओतला आणि ओतलेलाच ठेवला. ते कलम गेलं तर उद्या ही बाई डोडोमात माझ्याहून मोठी होऊ शकत होती आणि मला काही करता आलं नसतं. पण तिची अकरा वर्षं ऐकल्यावर मला हेही दिसलं की त्या कलमात शहाणपण काही नव्हतं. तिच्या दुकानाचं शटर ज्या भीतीनं कधी खाली आलं नाही, तीच भीती मी वकिलाकडून नीट टाइप करून घेतली होती. ऊन शेतावरून सरकत कंपनीच्या भिंतीपर्यंत गेलं. कुठं काही हलत नव्हतं.

मी पिशवीतून करार काढला आणि आप्पांकडं पेन मागितलं. त्यांच्याकडं लोखंडावर लिहायचा खडू होता. त्यानंच मी एकतिसाव्या पानावर आडवी रेघ मारली.

शुक्रवार, पुन्हा चिखली

दुसऱ्या दिवशी चिखली पुन्हा गडगडत होती. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात आम्ही नवीन पान टाइप करून घेतलं. त्यानं ते वाचलं आणि विचारलं, "ताई, हे पण लिहून द्यावं लागतं का?" रफिकचाचांनीही तेच विचारलं.

"तिकडं लिहावं लागेल, चाचा. इथंही लिहायला हवं होतं. मी विसरले होते."

"गुरुवार विसरलीस ते आप्पानं सांगितलं मला. सगळ्या पट्ट्याला सांगितलंय त्यानं." चाचा काम थांबवून हसत राहिले. "इंजिनिअरबाई, पुढच्या खेपेला कॅलेंडर पाठवतो मालाबरोबर."

त्यांनी पोलादाचा तुकडा घेतला, तासला आणि रेहेमाला विचारलं, खूण कसली पाहिजे. तिनं टेबलावरच्या तेलात बोटानं एक गोल काढला. चाचांनी तासाभरात पंच करून दिला. मग तिथंच, पाइपांच्या वेटोळ्यांमध्ये, तिनं सही केली, आणि मी केली. साक्षीदार म्हणून चाचांनी उर्दूत सही केली आणि वडिलांनी मराठीत. वडील मोशीहून बसनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

त्याला आता तीन वर्षं होत आली. टांझानियातल्या चार शहरांत आमच्या पाटीची चौदा दुकानं आहेत. त्यांतलं एकच माझं आहे. प्रत्येक शहरात रविवारी एक दुकान उघडं असतं आणि बाकीची बंद असतात. रेहेमाची डोडोमात दोन दुकानं आहेत, माझ्यापेक्षा एक जास्त.